अंतरपाटाच्या मधोमध आलेलं लढाऊ विमान

मागच्या रविवारी मुखेडजवळच्या एका गावात लग्नाचे फोटो काढायला गेले होते. तिथे असं काही घडलं, की दुपारभर मला वाटत राहिलं... हे लग्न माझ्यामुळे नीट लागलंच नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. फोटोग्राफीचा कोर्स वगैरे मी केलेला नाही. उदगीरला आमच्या काकांचा स्टुडिओ आहे, जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. ऐन वेळी त्यांची कंबर धरली म्हणून पहिल्यांदाच एकटीला पाठवलं. निघताना एकच सांगितलं, "बाकी काही हुकलं तर चालतंय. अंतरपाट पडायचा क्षण हुकवू नको."

मी आधीच घाबरट. बॅटऱ्या सगळ्या चार्ज केलेल्या, तरी बसमध्ये चार वेळा तपासल्या.

यंदा पाण्याचे हाल सगळीकडेच आहेत, तसे त्या गावातही. मांडवाच्या दारात रिकामे ड्रम मांडलेले, टँकरची वाट बघत. पेपरात रोज कृत्रिम पावसाच्या विमानाची बातमी, त्यामुळे सगळ्यांचा एक डोळा आभाळाकडेच.

मंगलाष्टकं सुरू झाली. दोन्ही मामांनी अंतरपाट धरलेला, मी पुढे गुडघ्यावर बसून फोकस लावलेला... आणि वरून घरघर ऐकू आली. ड्रमांजवळचा एकजण ओरडला, "आलं रे! पाऊस पाडायचं इमान आलं!"

पुढच्या मिनिटाला मांडव रिकामा! गुरुजी ओळ अर्धी सोडून निघाले. मामा लोकांनी तर कमाल केली... अंतरपाटाचं एक टोक नवरदेवाच्या हातात दिलं, दुसरं नवरीच्या. "धरा जरा, आलोच!"

खोटं कशाला सांगू, मीही पळाले.

बाहेर दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणे पावसाचं विमान, दुसरी म्हणे नवा जिल्हा होऊन राहिला ना, त्याची मोजणी. नवरीच्या आत्याबाईंनी तर हातातल्या अक्षता विमानाकडेच उधळल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी उधळल्या. अक्षतांची ती लाल-पिवळी ज्वारी आमच्याच डोक्यांवर पडली.

मी काकांची लांब लेन्स लावली आणि वर बघितलं... पुढे एक मोठं विमान. त्याच्या पंखातून लांब पाइप सोडलेला, टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली. मागून आलेल्या लढाऊ विमानाने नाकाजवळची नळी अलगद त्या टोपलीत घातलेली. दुसरं लढाऊ विमान थोडं मागे, आपला नंबर यायची वाट बघत. श्वास रोखून मी बटण दाबत राहिले.

एक आजोबा स्क्रीनमध्ये डोकावले. "पाणीच हाय ना ते?"

हो म्हणाले असते तर सगळे खूश झाले असते. पण मला खोटं बोलता येत नाही, पोटात दुखतं. म्हटलं, "नाही आजोबा. लढाऊ विमान आहे. उडता उडताच पेट्रोल भरून घेतंय."

"खाली न उतरता?"

"हो."

आजोबांनी ड्रमांकडे बघितलं. "अन् आमचं टँकर फाट्यावरून गावात येईना!"

तेवढ्यात मांडवातून हाक आली, "ओ ताई! आम्हाला बी दाखवा की!"

नवरा-नवरी दोघंच पाटावर, आपला अंतरपाट आपणच धरून. लग्न लागेपर्यंत उतरायची सोय नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी धावत गेले आणि मध्ये उभी राहून स्क्रीन धरली. तीन डोकी एका कॅमेऱ्यावर.

"मागचं लायनीत थांबलंय व्हय?" नवरदेव म्हणाला.

"मग! तुमच्या वरातीपेक्षा शिस्तीत हाय," नवरी म्हणाली. "तुम्ही तासभर पारापाशीच नाचत होता."

तो तिच्याकडे बघून खळखळून हसला. तीही हसली... आणि माझं लक्ष खाली गेलं. अंतरपाट तिघांच्या गुडघ्यापाशी लोंबत होता. शेवटचं मंगलाष्टक व्हायच्या आधीच त्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं होतं. माझ्यामुळे!

लोक परतले. गुरुजींनी विचारलं, "कुठवर आलो होतो?" कुणालाच आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. अक्षता संपलेल्या, म्हणून नवरीच्या आईने आणखी ज्वारी रंगवून आणली. या वेळी अंतरपाट पडला तो क्षण मी अचूक पकडला. पण तो फोटो बघायचीही मला हिंमत होईना.

पंगतीत बसले, घास उतरेना. काही अशुभ झालं तर? पुढे त्यांचं बिनसलं तर? शेवटी उठले आणि हात धुवायला आलेल्या गुरुजींना गाठून सगळं सांगून टाकलं. डोळ्यांत पाणीच आलं.

गुरुजींनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, लग्न लावायचं सोडून मी पळालो. तू माझं नाव कुणाला सांगू नको, मी तुझं सांगत न्हाई."

"पण त्यांनी आधीच बघितलं ना..."

"बघून हसले का रडले?"

"हसले."

"मग लागलं की लग्न! जा, जेव." आणि दोन पावलं जाऊन मागे वळले. "ते इमानाचे फोटो हायत ना? दाखव बरं. माझा चष्मा मांडवातच राहिला होता."

मग मी दोन वाट्या वरण प्याले.

घरी आल्यावर विमानांचे फोटो मोठे करून बघत बसले. वर ते पायलट इतक्या वेगातही आपली जागा जराही सोडत नव्हते. आणि खाली गुरुजी, मामा, आत्याबाई, मी... एकजणही जागेवर राहिला नाही. राहिले ते फक्त पाटावरचे दोघं. त्यांचं छान चालणार, असं आता मला मनापासून वाटतंय...