मँगनीज आणि माझी सही

त्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी सीनियर. निकेल, मँगनीज आणि इंडियम वितळवून मिश्रधातू करणं हे आम्हा दोघांचं संशोधन. असा मिश्रधातू चुंबकाजवळ नेला की थंड होतो. उद्या त्यावर गॅसशिवाय फ्रिज चालेल, अशी आशा. पण हा गुण खोलीच्या तापमानाला दिसायला हवा, आणि माझे तुकडे बर्फापेक्षाही गार केल्यावर कुठं दाद द्यायचे. पीएच.डी.ची मुदत संपत आली होती.

तो बिडकीनहून बसनं यायचा, डब्यातली भाकरी सगळ्यांना वाटायचा. माझ्याशी कामापुरतंच बोलणारे आमचे गाईड सर त्याच्याशी मात्र तासभर गप्पा मारायचे. जळफळाट व्हायचा नुसता.

वितळताना थोडं मँगनीज वाफ होऊन उडतं, म्हणून ते किंचित जास्त घ्यायचं, हे आमच्याकडं पहिल्याच दिवशी शिकवतात. शिवाय एकानं वजन केलं की दुसऱ्यानं वही तपासून सही करायची, असा नियम. एका दुपारी त्यानं वही पुढं केली.

"ताई, जरा नजर टाका ना. माझा लई घोळ होतो."

जास्तीचं मँगनीज त्यानं धरलंच नव्हतं. मला ते लगेच दिसलं. फसू दे एकदा, असं मनात म्हणत मी सही केली.

पंधरा दिवसांनी मोजमापं आली. त्याचा तुकडा खोलीच्या तापमानालाच थंड पडत होता. सरांनी घटक तपासून घेतले, तर मँगनीज कमी. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मँगनीज कमी ठेवायचं कुणाला सुचलं?"

त्यानं वही चाळली आणि ओशाळला. "माझी तर चूकच झाली, सर. पण ताईंनी तपासलं होतं. त्यांना काहीतरी दिसलं असंल, म्हणूनच त्या बोलल्या नाहीत. शोधनिबंधावर आधी त्यांचं नाव टाका."

सर माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

निबंधावर माझं नाव पहिलं आहे. त्यावरच मला पदवी मिळाली. कुणी विचारलं की अजूनही तो श्रेय मलाच देतो, अगदी मनापासून. त्याच्या त्या मोकळ्या मनावर मी आजही जळते.