तीस टक्क्यांवर बांधलेला पंखा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवता जेवता, हसायला म्हणून वाचत आलो. कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस मी; बिघाड झाला की मशीनने नोंदवलेला लॉग वाचतो, अंगारा लावत नाही. त्यामुळे तुम्हाला काही पटवून द्यायला आलेलो नाही. घडलं ते सांगतो, बस्स.

शेवगावात बाजारतळाच्या मागे माझा पत्र्याच्या छपराचा गाळा आहे. तिथे मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन लिनक्सवर चालतं, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. रेंडर लावलं, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला घेतला, की त्याचे पंखे उसाच्या ट्रॅक्टरसारखे गरजायचे. शेजारच्या गाळ्यात रशीदचाचा, गादीवाले. मधली भिंत एकच. त्यांचं कापूस पिंजायचं मशीन दिवसभर घरघरतं, ते त्यांना चालतं. पण दुपारी नमाज आणि जेवण उरकून चाचा तासभर आडवे झाले की माझा पंखा त्यांच्या डोक्यात जायचा.

"विलास, लई वरडतंय तुझं ते. एक दिवस येऊन वायरच उपटीन बघ."

मग मी हट्टालाच पेटलो. कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरकडून पंख्यांचा कंट्रोल काढून घेतला आणि छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली – पंखे तीस टक्क्यांच्या वर जाणारच नाहीत. कार्ड तापू नये म्हणून त्याची पॉवरही कमी केली. रेंडर रखडायचं, पण आवाज मेला. स्क्रिप्ट दर मिनिटाला पंख्याचा वेग फाईलमध्ये लिहायची. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला... चाचांकडूनच जुन्या गाद्या आणून मधल्या भिंतीला ठोकल्या, आणि मागच्या भिंतीतल्या झरोक्यात कापूस कोंबला. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होतो मी.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, दुपार. व्हिडिओचे रंग नीट दिसावेत म्हणून मी नेहमीसारखं शटर आतून खाली ओढलं. थोड्या वेळाने लाईट गेली. यूपीएसने पाच मिनिटं कशीबशी काढली आणि मशीन बंद पडलं. शटर उचलायला गेलो तर वरून कट्कन आवाज आला. स्प्रिंग तुटली होती. शटर वीतभर वर गेलं, वाकडं होऊन पुन्हा खाली आलं आणि तिथेच रुतून बसलं.

मोबाईल बाहेर, गाडीच्या डिकीत.

शटर बडवलं. ओरडलो. समोर मोकळा प्लॉट, पलीकडे बाजारातले बॅटरीवरचे भोंगे आणि टेम्पोचे हॉर्न. मधली भिंत बडवायला गेलो तर हात गादीत रुतला. गाद्या ओढून पाहिल्या, पण मीच चार-चार इंची खिळे मारले होते. टेबलावर चढून झरोक्यातला कापूस उपसला. भोक मुठीएवढं, त्यातून झळच आत आली. वर तापलेला पत्रा. पाण्याच्या बाटलीत दोन घोट होते, ते संपले. किती वेळ गेला कळेना. घाम यायचा थांबला तेव्हा मात्र मी घाबरलो, खरंच घाबरलो. आपण मरणार, आणि आपणच केलेल्या शांततेत मरणार, असं स्वच्छ वाटलं.

मशीनच्या कॅबिनेटचं झाकण काढलेलंच होतं. कॅबिनेटला टेकून फरशीवर बसलो आणि गारव्यासाठी तळहात कार्डाच्या पंख्यावर ठेवला. हे नीट लक्षात घ्या. पाती माझ्या हाताखाली होती. स्थिर. मला कसलाही आवाज येत नव्हता...

तेवढ्यात शटरवर थाप पडली.

"विलास! गावात लाईट न्हाई अन् तुझं मशीन कशावर वरडतंय? इन्व्हर्टर घेतलास व्हय? भिंत हादरतीय माजी."

कीबोर्ड उचलून शटरवर दोनदा आपटला. "चाचा... अडकलोय."

चाचांनी बाजारातून दोन हमाल आणले, पहारीने शटर उचकटलं. मला उसाच्या रसाच्या गाडीखाली सावलीत झोपवून डोक्यावर पाणी ओतलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "मी शटर बडवत होतो ते ऐकू आलं नाही?"

"पत्र्याचा आवाज आल्ता. वाटलं, कोन टेम्पोचा फाळका आपटतंय. पन तुझा तो पंखा... आदीसारखा, फुल्ल. डोळा लागंना म्हनून उठलो अन् शिव्या घालायलाच आल्तो."

संध्याकाळी लाईट आल्यावर फाईल उघडली. शेवटची ओळ पावणेदोनची, तीस टक्के. पुढे काही नाही. चाचा आले तेव्हा तीन वाजून गेले होते. दुसऱ्या कुणाचं मशीन असेल म्हणावं, तर पूर्ण लाईन बंद होती. चाचांना भास झाला म्हणावं, तर रोजच्या आवाजाचा भास त्यांना नेमका त्याच दुपारी का व्हावा? बरं, ज्याला आवाज हवा होता त्या मला तो ऐकूच आला नाही, हे तर अजिबात समजत नाही.

स्क्रिप्ट मी डिलीट केली, खिळे उपटून गाद्या परत दिल्या. पंखे पुन्हा पूर्वीसारखे गरजतात. चाचा त्या आवाजात आता गाढ झोपतात. पण दुपारी रेंडर संपून पंखे मंदावले की भिंतीवर टकटक होते.

"विलास, हाय ना रे?"

"आहे चाचा," मी म्हणतो, आणि काही काम नसलं तरी एक रेंडर लावून देतो.