रोह्याचं बिरडं आणि वसंताच्या शाखा

माझा मेहुणा वसंता कुठंही निघाला की आधी विचारतो, तिथं ‘आपल्या’ हॉटेलची शाखा आहे का? ठाण्यात जी चव तीच नाशकात, तीच कोल्हापुरात, याचं त्याला कोण कौतुक! मी मात्र त्या चवीला पार विटलो होतो. म्हणून पेण-रोह्याची सहल ठरवताना एकच अट घातली. ज्या हॉटेलला शाखा आहे त्याची पायरी चढायची नाही. वसंता पिशवीभर बिस्किटं घेऊन आला.

कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. दिव्याहून निघालेली गाडी रोह्यापर्यंतच जायची. जिते स्टेशन मागे पडलं तसा वसंताने पहिला पुडा फोडला.

पेणला उतरून बाजारात एका पत्र्याच्या हॉटेलात शिरलो. कांदाभजी कढईतून थेट कागदावर येत होती. वसंताने मालकाला गंभीरपणे विचारलं, तुमच्या शाखा कुठं कुठं आहेत?

“हाय ना एक,” मालक झारा न थांबवता म्हणाला. “सांजच्याला घरी जाऊन चा करतो, ती.”

वसंताला ते लागलं असावं, पण भजी त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ली.

तिथून एसटीने रोहा गाठलं. पानवाल्याने एका खानावळीचा पत्ता दिला: पाटी नाही, दारात चपला दिसतील तिथं शिरा. आम्ही वेळेआधी पोचलो, त्यामुळे चपलाही नव्हत्या. तरी दारातल्या काकूंनी आम्हाला पाहताच पदर खोचला आणि कौतुकाने आत नेलं. तांदळाची भाकरी, सुके बोंबील, सोलकढी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या कडव्या वालांची उसळ). असा आग्रह मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. शाखा नसली की माणुसकी असते, असं मी वसंताला ऐकवलं. तो ऐकत नव्हता. पातेलं पुसून खात होता.

हात धुताना काकूंनी हळूच विचारलं, “मंग साहेब, शिफ्टचे डबे आमालाच ना?”

कसले डबे, हे मी विचारणार होतो. तेवढ्यात कंपनीचे खरे साहेब दारात उभे राहिले.

जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कामगारांचे डबे कुणाला द्यायचे, ते साहेब आज चव बघून ठरवणार होते. काकूंनी त्यांच्यापुरतं खास रांधलं होतं आणि ते आमच्या पोटात होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. असू दे, म्हणाले, दुसऱ्या ठेकेदाराची कँटीनं पनवेलपासून खोपोलीपर्यंत आहेत, चवीची काळजी नाही.

काकू ओरडल्या नाहीत. शिफ्ट सुटून येणाऱ्यांसाठी मोड आलेले वाल भिजत होते, त्यांचं ताट काकूंनी आमच्यापुढे सरकवलं.

“जेवलात नं? आता सोला. आमच्यात लवकर येनारा सोलतो.”

साहेब जायला वळले. आणि वसंता, शाखांचा भक्त वसंता, दार अडवून उभा राहिला.

“साहेब, कँटीनची चव मी सगळीकडे चाखलीय. ती कुठंही मिळेल. ही बघायची तर बसा, दोन वाल सोला.”

साहेब कपाळाला आठ्या घालून बसले. कोमट पाण्यातला वाल चिमटीत दाबला की दाणा उडतो. माझा पहिलाच उडून साहेबांच्या खिशात गेला. त्यांनी तो काढून ताटात टाकला आणि मग असे भराभर सोलू लागले की काकूंनी विचारलं, घरी तुम्हीच सोलता वाटतं? साहेब पहिल्यांदा हसले.

बिरडं शिजलं. साहेब जेवायला बसले. दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

“सोमवारपासून द्याल?” साहेबांनी विचारलं.

“देईन. पन सोलायला मानसं धाडा.”

परतीच्या गाडीत मी खूश होतो. इतकी वर्षं हॉटेलांत जेवलो, पण माझ्यावाचून कुठल्या शाखेचं अडलं नव्हतं. रोह्यात माझ्या हातच्या वालांची कुणीतरी दुसरी वाटी मागितली होती. वसंता खिडकीशी बसला होता. बिस्किटांचे उरलेले पुडे त्याने काकूंकडेच ठेवले होते. निडी स्टेशन गेल्यावर तो नखांतली वालाची सालं काढत म्हणाला,

“भावोजी, काकूंनी ठाण्याला एक शाखा काढायला हवी.”