दोन बेडमधलं स्टूल

आमच्या डायलिसिसच्या बॅचचे किस्से साचणारच. आठवड्यातून तीन सकाळी, चार-चार तास त्याच माणसांशेजारी पडून राहायचं. अंगात साचलेलं पाणी मशीन ओढून घेते, किस्से तेवढे राहतात.

मी गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात सेल्समन. पंचवीस वर्षं सुपरहिरोंची कॉमिक्स घेत गेलो, वाचायला वेळच भेटला नाही. दोन पेट्या भरल्या. किडन्या गेल्या तेव्हा बायको म्हणाली, "आता वेळच वेळ आहे, घेऊन जात जा धंतोलीच्या दवाखान्यात." रागात म्हणाली, पण खरं म्हणाली.

*

माझा डावा हात मशीनला, शेजारच्या बेडवरच्या मेश्राम सरांचा उजवा. सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. दोघांचे मोकळे हात मधल्या स्टुलापर्यंत पोचत, म्हणून कॉमिक स्टुलावर. दोघांनी 'झालं' म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा नियम ठरला.

सर भलतेच हळू वाचत. चित्रात बिल्डिंग कोसळली की तिचे मजले मोजत. एकदा मी वैतागलो, तर शांतपणे म्हणाले, "घाई कशाची गा? सुई तं साडेअकरालेच निघन."

*

समोरच्या बेडवर काटोलच्या काकू. त्यांना आम्ही गोष्ट मोठ्याने सांगायचो. डॉक्टरांनी त्यांचं पाणी दिवसाला दोन ग्लासांवर आणलेलं. एका सकाळी गोष्ट ऐकता ऐकता त्यांनी आम्हाला थांबवलं.

"काहून गा, एवढा उडते, एवढा मारामारी करते, अन् एकदाही पाणी नाही पेला थो. त्याच्याही किडन्या गेल्या काय?"

सिस्टरसकट सगळे हसलो. तहान सगळ्यांनाच लागली होती.

*

एका शनिवारी सर आलेच नाहीत. मंगळवारी आले ते धापा टाकत, पाय सुजलेले. मशीन लागल्यावर छताकडे बघत म्हणाले, "कंटाळा आला गा. बायको गेली, पोरगा पुण्याले. कोणासाठी टोचून घेऊन राहिलो मी?"

मी घाबरलो. समजूत कशी काढतात ते मला येत नाही. तोंडातून निघून गेलं, "सर, आपल्या मालिकेचे अजून चाळीस भाग राहिले. मी एकटा नाही वाचणार." सरांनी डोळे मिटून घेतले.

गुरुवारी आले. बेडवर टेकले आणि विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

*

त्या रात्री पेटी उपसली तेव्हा समजलं, मालिकेचा शेवटचा भाग माझ्याकडे नाहीच. सरांना सांगायची छाती झाली नाही. शेवट नाही म्हटल्यावर ते पुन्हा यायचे थांबले तर? मी एका वेळी एकच भाग नेऊ लागलो. तीन महिने असे काढले.

शेवटी तो मंगळवार आलाच. नायक पुलावरून नदीत पडला, बाकीचं पुढच्या भागात. आता लपवणार काय! मी सांगून टाकलं, "सर, पुढचा भाग नाही माझ्यापाशी. तुमच्यापासून लपवत आलो."

सरांनी मोकळ्या हाताने पिशवीतून एक कॉमिक काढलं. तोच भाग, शेवटचा. पानांचे कोपरे वाचून दुमडलेले.

"चाळीस राहिले म्हणाला होतास न तू? दुसऱ्याच दिवशी बर्डीच्या बाजारातून आणला. म्हटलं, शेवट वाचून मोकळं व्हावं. वाचला, तरी गुरुवारी आलोच."

त्यांनी ते स्टुलावर ठेवलं, पहिलं पान उघडलं.

"वाच आरामात," म्हणाले. "तुझं झालं की सांग, मी उलटवतो."