चायोच्या बाप्तिस्म्याचा कागद

एउलालिया बारागान संत्री गुंडाळायची. पातळ कागदात संत्रं, एक पीळ, आणि पेटीत. कॅलिफोर्नियातल्या त्या गावात रुळांच्या अलीकडे आम्ही मेक्सिकन, पलीकडे गोरे. पण पॅकिंगच्या शेडमध्ये तिच्याएवढा झपाझप हात कुणाचा नाही, हे पलीकडचेही मानत. सतरा वर्षं मानलं. एकतीस साली मंदीनं गोऱ्यांच्याही चुली थंडावल्या, तेव्हा त्यांच्या बायका शेडमध्ये आल्या. त्यांना पेटी भरायला एउलालियानंच शिकवलं. त्या शिकल्या आणि शेडवाल्यांनी हिला घरी पाठवलं. गरज सरो, वैद्य मरो.

नवरा दोन वर्षांमागे बागेत शिडीवरून पडून गेलेला. राहिली अकरा वर्षांची चायो, आणि सरकारी मदतीचं पीठ नि घेवडा. फेब्रुवारीत हुकूम निघाला: ज्यांची पोरं इथं जन्मली त्यांची मदत चालू राहील, बाकीच्यांनी आगगाडीनं ‘आपल्या देशात’ जावं, तिकीट फुकट. एउलालियाला हसू आलं. चायो तर इथंच, चुलीमागच्या खोलीत जन्मली होती.

पण ते लिहिलंय कुठं? सुईण नोंद करत नसे, आणि त्याची फिकीर कुणालाच नव्हती. आमच्यात चर्चच्या वहीत नाव आलं की माणूस जन्मला. त्यातून सासूचा हट्ट, नातीचा बाप्तिस्मा आपल्या मूळ गावच्या चर्चमध्येच व्हायचा. चाळीस दिवसांची पोर मेक्सिकोत नेली. म्हाताऱ्या पाद्र्यानं काही न विचारता लिहून टाकलं, जन्म याच गावचा. एउलालियाला वाचता येत नव्हतं. तो कागद तिनं देवाच्या तसबिरीमागे जिवापाड जपला.

त्या प्रवासात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता तिचा धर्मपिता, आन्सेल्मो केसादा. धर्मपिता म्हणजे पोरीचा दुसरा बाप; आई त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा. आता तो मदत कचेरीत दुभाषा होता.

“कोंपाद्रे आहेत ना तिथं, काळजी कसली?” एउलालिया शेजारणीला म्हणाली.

“कचेरीतला माणूस आधी कचेरीचा असतो बाई, मग आपला,” शेजारीण म्हणाली. एउलालियाला तिचा राग आला.

कचेरीत चायो रिवाजाप्रमाणे धर्मपित्याच्या हाताचं चुंबन घ्यायला पुढे झाली. आन्सेल्मोनं हात टेबलाखाली घेतला. मग त्यानं तो कागद मदत ठरवणाऱ्या गोऱ्या बाईला वाचून दाखवला: जन्म मेक्सिकोतला.

“अहो कोंपाद्रे, सांगा ना बाईंना,” एउलालिया म्हणाली. “ही झाली तेव्हा पाणी कुणी तापवलं? तुम्हीच ना? ‘माझ्या टोपीत मावेल’ म्हणून चिडवत होतात.”

“काय म्हणतेय ही?” बाईनं विचारलं.

शेडमधल्या सतरा वर्षांत एउलालियाला तेवढं इंग्रजी कळू लागलं होतं. आन्सेल्मो म्हणाला, “नवीन काही नाही. मला कागदाबाहेरचं काही माहीत नाही.”

एउलालिया त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो फायलीत बघत होता. त्याच्या खुर्चीवरही एका गोऱ्याचा डोळा होता, हे तिला पुढे कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं नाही. शेडवाल्यांनी हाकललं तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन रडली.

मदत बंद झाली. गुरुवारी दुपारी मेक्सिकोची गाडी होती. आन्सेल्मो बायकोनं मक्याच्या पानांत उकडलेल्या टामालेंची टोपली घेऊन फलाटावर आला.

“कोमाद्रे, मलाही चार पोरं आहेत हो,” तो म्हणाला.

“पाच होती,” एउलालिया म्हणाली.

त्यानं चायोपुढे हात केला. चायोनं आईकडे पाहिलं.

“चल बाळा, चढ. हे कचेरीतले साहेब आहेत. ते आपल्याला ओळखत नाहीत.”

चायो शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “गुड बाय, सर,” आणि तिला आठवतही नसलेल्या तिच्या ‘देशाच्या’ गाडीत चढली.