ड्रिलवरचा हातमोजा

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की अजून माझी मूठ आपोआप मिटते. नववीतून शाळा सोडून हिंगोलीहून अंबडच्या कारखान्यात आलो, तेव्हा ड्रिलवर हातमोजा घालायचा नसतो हे ठाऊक नव्हतं. मोठ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, ही घरची शिकवण. फिरत्या ड्रिलनं हातमोजा खेचला, करंगळी कडकन मोडली. मशीन बंद करून, मला काम शिकवणाऱ्या शिंदेमामांनी फाडकन मुस्कटात मारली.

“इचारलं का नाय रे?”

“तुम्ही मोठे, मामा.”

त्यांनी आपला अर्धा तुटलेला अंगठा पुढे केला. “मी बी उस्तादाला इचारलं नव्हतं.”

उरलेली नऊ बोटं त्या थपडेनंच वाचवली.

आज माझ्या हाताखाली नवी बाई कामाला आलीय. सगळ्याला “हो दादा” म्हणते आणि मला धडकी भरते. म्हटलं, “ताई, आधी मला एक प्रश्न विचारा, मगच बटण दाबा.”