बाहेरची रेघ

मी मुळात भित्रा माणूस. आवाज मोठा आहे म्हणून लोकांना तसं वाटत नाही. इकडं कानडी मुलखात, मंडी मोहल्ल्यात माझं गाड्यांना दिवे, भोंगे, सीटकव्हरं बसवायचं दुकान आहे. आधी तिथंच वडील कपडे शिवत. शिलाईचं काम आटलं तेव्हा मी पाटी बदलली, पण वडिलांना कोण बदलणार? ते आजही माझ्या आधी दुकानात येऊन बसतात आणि मला अक्कल शिकवतात.

त्या दिवशी एका गिऱ्हाईकाची नवीकोरी जीप आली होती. पुढच्या मडगार्डांत एलईडी दिवे बसवायचे होते, तेही असे की वरून हात फिरवला तर कुठं अडू नये. त्यासाठी पत्रा कापावा लागतो. मी आजवर दिवे वरूनच स्क्रूनं बसवलेले. तरी "असले कितीतरी केलेत" म्हणून ठोकून दिलं होतं. कापड कापताना चुकलं तर खिसा लावून झाकता येतं, पत्र्याचं काय करणार?

माप घ्यायचं धाडस मला होईना, म्हणून ते वडिलांनी घेतलं. मडगार्डावर चिकटपट्ट्या लावून त्यांवर निळ्या खडूनं दोन चौकटी आखल्या. आतली दिव्याच्या अंगाची, बाहेरची त्याच्या काठाची.

"आतल्या रेघेवर काप," ते म्हणाले. "काठाला टेकायला पत्रा राहू दे. सरी? कळलं ना?"

"सरी, सरी! कळतं मला," मी खेकसलो. भ्यालो की मी खेकसतो.

कटर सुरू केला आणि डोकं बधिर झालं. शिंप्याच्या घरात जन्मलेल्याला दोन रेघा दिसल्या की आतली शिवणीची आणि बाहेरची कात्रीची. हे मला कुणी शिकवलेलं नाही, अंगातच मुरलंय. हातानं आपलं जुनं वळण धरलं. पत्र्याचा तुकडा खाली पडला, मी भोकात दिवा ठेवला, आणि तो सरळ आत जाऊन टायरवर आपटला.

वडिलांनी वाकून दिवा काढला, धोतराला पुसला आणि बाकावर ठेवला.

गिऱ्हाईक नंजनगूडच्या कारखान्यातली ड्युटी संपवून पाचला येणार होतं. डबा उघडला नाही, चहा निवून गेला. दारात कुणाची सावली पडली की मी उगाच फडकं उचलून जीपची काच पुसायला लागायचो. तो चार लोकांत काय बोलेल? मंडीत एकदा नाव गेलं की दुकानाला कुलूपच. पळून जावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

तो आला. भोकात मनगटापर्यंत हात घालून त्यानं फिरवला.

"यारु माडिद्दु इदु?" कुणी केलं हे, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी कन्नडमध्येच म्हणालो, "वडिलांनी माप चुकीचं आखलं."

कापलेला तुकडा अजून वडिलांच्या पायाशी पडला होता. त्यावर आतली चौकट स्पष्ट दिसत होती, रेघ न् रेघ बरोबर. त्यांनी चपलेनं तो हळूच स्टुलाखाली सरकवला आणि उभे राहून हात जोडले.

"नंदे तप्पु, सार." माझीच चूक.

त्यांचे पांढरे केस बघून तो माणूस निवळला. नवं मडगार्ड लावून, रंग देऊन द्या म्हणाला आणि बसनं घरी गेला.

भीती मात्र गेली नाही, तिनं फक्त माणूस बदलला. स्कूटरवर वडील मागे बसले होते. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून घरापर्यंत माझी मान ताठली होती.

"अय्यो, डबा तसाच आणला?" आईनं विचारलं.

"आज माझ्या हातून काम बिघडलं," वडील म्हणाले. "ह्यानं सावरून घेतलं, म्हणून बरं."

आईनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.